गुंदचं खाणं आणि बायने दिलेलं बी

माझं माहेर तासगावचं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट पिठलं आणि ठेचा यावर वाढलेला जीव. १९८६ साली लग्न होऊन मी गुंदला आले. गुंद म्हणजे कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, दांडेलीहून उळवीला जायच्या वाटेवर. पुण्या-मुंबईच्या लोकांना दांडेली म्हटलं की राफ्टिंग आठवतं. त्याच्या पुढे जंगल दाट होत गेलं की आमचं गाव येतं. त्या वेळी म्हातारी माणसं तालुक्याला अजून 'सुपा'च म्हणत. सुपा हे तालुक्याचं जुनं ठिकाण. ते काळी नदीवरच्या धरणात गेलं आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या, ते सगळं त्याच दशकातलं.

सासरचे मूळ रत्नागिरीकडचे. सुपारीच्या बागा करायला चार-पाच पिढ्यांपूर्वी कोणीतरी इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, तीही अशी की पहिल्या आठवड्यात मला निम्मी कळेना. शेजारी हव्यक, त्यांच्याशी कानडी. बागेत येणारे कुणबी, त्यांच्याशी त्यांची कोंकणी. आणि लोणी घेऊन येणारे गवळी धनगर, त्यांची म्हशींमागे हिंडून मुरलेली मराठी. मामंजी पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "सूनबाई, कानडी सावकाश शीक, पण आधी ळ आणि ल वेगळे म्हणायला शीक. 'हुळी' म्हणजे आंबट, ते ताटात येतं. 'हुली' म्हणजे वाघ, तो गोठ्यात येतो." सगळे हसले, मीही हसले. पण रात्री कंदील घेऊन गोठ्याकडे जाताना ते हसू टिकलं नाही.

इथलं खाणं समजायचं तर आधी पाऊस समजायला हवा. जूनमध्ये तो लागला की त्या काळी बाहेरचं जग बंद. ओढे भरले की बस नाही, बस नाही की बाजार नाही. त्यामुळे चैत्र-वैशाखात घरातल्या बायकांना क्षणाची उसंत नसे. तासगावला बेगमी म्हणजे तिखट, पापड, कुरडया. इथे बेगमी म्हणजे चार महिन्यांचं अख्खं स्वयंपाकघर.

त्यात पहिला मान अप्पेमिडीचा. ही रानातली, ओढ्याकाठच्या आंब्यांची अगदी कोवळी कैरी, अंगठ्याएवढी. 'मिडी' म्हणजे बाळकैरी. आता तिला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय. पण प्रत्येक झाडाची मिडी वेगळी. देठ मोडून चीक हुंगायचा, त्यावरून झाड ओळखायचं. एकीच्या चिकाला जिऱ्याचा वास, तिला 'जीरिगे मिडी'च म्हणतात, दुसरीला कापरासारखा. सासूबाई टोपली उतरवून घ्यायच्या आधी एक देठ मोडून नाकाशी नेत आणि कुठल्या वळणावरचं झाड ते सांगत. मिडी काठीने झोडपून पाडायची नाही, झाडावर चढून हातानेच काढायची. जमिनीवर आपटली की आत काळी पडते आणि सगळी बरणी नासवते. देठ ठेवून पुसायची, खडेमिठात थर लावून घालायची. आठवडाभरात स्वतःच्याच पाण्यात ती सुरकुतून बसते. मग तेच पाणी उकळून गार करायचं आणि त्यात फेसलेली मोहरी आणि तिखट. वर तेलाचा तवंग नाही, आपल्याकडच्या लोणच्यासारखं काही नाही. मला पहिलं वर्षभर ते लोणचं वाटलंच नाही. दुसऱ्या वर्षी बाळंतपणाला माहेरी गेले, तर आईच्या हातच्या लोणच्यासमोर बसून मला त्या चिकाच्या वासाची आठवण यायला लागली. आईला हे सांगितलं नाही.

त्याच मिडीची किंवा आंबट कैरीची अप्पेहुळी. कैरी उकडून कोळायची, भरपूर पाणी, मीठ, किंचित गूळ, हिरवी मिरची आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. पन्ह्यापेक्षा पातळ आणि पन्ह्यासारखी गोड मुळीच नाही. उन्हाळ्यात भातावर घ्यायची आणि उरलेली वाटीने प्यायची. त्यानंतर माणूस पडवीत आडवा झाला की चारपर्यंत उठत नाही. पाहुण्याला मुक्कामाला ठेवायचं असेल तर जास्त वाटी वाढायची, अशी आमच्याकडे चेष्टा चालते.

फणसाबद्दल कोकणातल्यांना मी काय सांगणार! कच्च्या गऱ्यांचे पापड, बरक्याची सांदणं, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, मातीत घोळवून ठेवलेल्या आठळ्या, सगळं तेच. फक्त इथे पापड उखळात कांडताना हव्यक बायका येत आणि आमच्या बायका त्यांच्याकडे जात. एका घराचे आज, दुसऱ्याचे उद्या. मला कानडी शाळेने नाही, त्या उखळाने शिकवलं.

कोकमाबरोबर इथे 'उप्पगे' नावाचं त्याच्या भावकीतलं झाड आहे. फळ छोट्या भोपळ्यासारखं, खाचाखाचांचं. साल धुरावर वाळवून आंबटाला वापरायची आणि बियांचं तूप काढायचं. ते गार झालं की मेणासारखं गोठतं. पावसात गरम भातावर ते तूप, मीठ आणि मिडीची फोड. १९९० नंतर अचानक या सालीला भाव आला. परदेशात वजन उतरवायच्या गोळ्यांसाठी तिचा अर्क लागतो म्हणे. ज्या झाडाचं तूप आम्ही अंगाला लागावं म्हणून खायचो, त्याच्याच सालीने तिकडे लोक बारीक होणार! गंमत वाटायची, पण पुढे पुढे वाटेना. फळ पिकायच्या आधी ओरबाडायची चढाओढ लागली, फांद्याच्या फांद्या तोडल्या जायला लागल्या, आणि पावसात निसरड्या झाडांवरून माणसं पडली.

पावसात मग ताजं काय, तर बांबूचे कोंब, ज्यांना इथे 'कळले' म्हणतात. चिरून पाणी बदलत दोन दिवस भिजवायचे, नाहीतर कडू आणि बाधणारे. अळू, टाकळा. आणि तंबळी. ब्राह्मीची पानं, पुदिना, काहीही हिरवं चालतं. ते तुपावर जिरं-मिऱ्यांबरोबर परतायचं, नारळात वाटायचं आणि ताकात कालवायचं. उकळायचं नाही. मी सुरुवातीला "ही कढी कच्ची का?" म्हणून विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "कढी नव्हे ती, औषध आहे. पण जेवताना घेतलं की औषध वाटत नाही."

माहेरचं खाणं मला वर्षातून एकदाच भेटायचं, तेही उळवीच्या यात्रेला. उळवीला चन्नबसवेश्वरांची समाधी आहे, बसवेश्वरांचे भाचे ते. माघ पौर्णिमेच्या सुमाराला धारवाड-बेळगावकडून लिंगायत लोक बैलगाड्या जोडून येतात. गाड्यांत कडक भाकरीच्या चवडी, शेंगाचटणी, दह्याचं मडकं. आमच्या घरून त्यांना ताक आणि केळी जायची. एकदा एका आजीने मला भाकरी मोडून हातावर दिली. तिला मराठी येत नव्हतं, मला तिची कानडी कळत नव्हती, पण माझा चेहरा पाहून तिने आणखी तीन भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. कंद.

जोयड्यात कंदांची जी श्रीमंती आहे ती मी दुसरीकडे पाहिली नाही, आणि ती सगळी कुणब्यांच्या परसातली. कोन, म्हणजे आपल्याकडे कोनफळ म्हणतात तो, पण त्यातच दूधकोन, नागरकोन, जांभळा कोन असे किती तरी. काटेकणंग, करांदे. आणि मुडली, म्हणजे अळकुडीचा दांडगा थोरला भाऊ म्हणा. सुरतेच्या उंधियूत जांभळा कंद पडतो तो कोनच, गुजरातीत त्याला रताळू म्हणतात आणि आपण रताळं म्हणतो ते वेगळंच, म्हणून घोटाळा होतो. फिलिपाइन्समध्ये याच जांभळ्या कोनाला 'उबे' म्हणतात आणि त्याचं आइस्क्रीम करतात. मुलीने सिंगापूरहून फोटो पाठवला तेव्हा मी म्हटलं, अगं, हा तर आपल्या बायचा कोन! आफ्रिकेत याची भावंडं रोजचं अन्न आहेत. जगातल्या अशा कंदांपैकी दोन-तृतीयांशाच्या आसपास एकट्या नायजेरियात पिकतात आणि तिथे नवा कंद निघाला की आपल्या नवान्नासारखा सण करतात.

आमच्या घरी कोन येई तो बायकडून. तिचं नाव वेगळं होतं, पण सगळा गाव तिला बाय म्हणे. तिची वाडी आमच्यापासून जंगलातून तास-दीड तासाच्या वाटेवर. पौषात वेल वाळला की ती डोक्यावर टोपली घेऊन यायची. कोन, मुडली, कधी बांबूच्या नळीत बारीक माश्यांचा आंबटसर मध. न्यायला नारळ, गूळ, मीठ, ताक. पैशांचा हिशेब मी त्या पडवीत क्वचितच ऐकला. हेही लिहायला हवं की बायचा चहाचा कप वेगळा होता, पडवीच्या कोनाड्यात पालथा घातलेला. आणि कोन आमच्याकडे उपासाला चाले, पण एरवी पानात वाढला तर "हे कुणब्यांचं खाणं" असं मामंजी म्हणत. त्याच कुणब्यांच्या कंदांवर या घरानेही एखादा तुटीचा श्रावण काढला होता, हे मला सासूबाईंनीच खूप नंतर सांगितलं. सासूबाई गेल्यावर मी तो कप रोजच्या कपांत मिसळून टाकला. बायने ते पाहिलं, काही बोलली नाही, चहा मात्र दोनदा मागून घेतला.

करायच्या तऱ्हा सांगते. आमच्याकडे कोनाचे काप, तांदळाचं पीठ आणि तिखट-मीठ लावून तव्यावर. किंवा उकडून गूळ-खोबरं. मुडलीची पातळ भाजी, नारळ आणि आमसूल घालून. आमसूल विसरायचं नाही, नाहीतर घसा खवखवतो. चिरताना हाताला खाज येते त्यालाही आमसुलाचंच पाणी. करांदे तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला मिठाच्या पाण्यात उकडायचे, तरी कडवट राहतात, आणि कडवट राहिले नाहीत तर मजा नाही. पण खरं सांगू? बायच्या घरी निखाऱ्यात भाजलेला कोन मी एकदा खाल्ला, वरची राख झटकून, मीठ-मिरचीच्या गोळीबरोबर. त्यापुढे आमचे काप म्हणजे उगाच नटवलेले. तिथे तांबड्या मुंग्यांची, चिगळीची चटणीही होती. मी शाकाहारी म्हणून तिने ती माझ्यापुढून सरकवून घेतली. ओडिशातल्या अशाच चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे वाचलं तेव्हा बाय असती तर तिला सांगितलं असतं.

धान्याच्या बियांबद्दल आपण आता पुष्कळ ऐकतो. राहीबाई पोपेरेंना २०२० सालची पद्मश्री मिळाली तेव्हा मला कोण आनंद झाला होता. पण वालाचं, भाताचं बी राख लावून मडक्यात ठेवता येतं. कोनाचं तसं नाही. कोनाचं बी म्हणजे कोनच. देठाकडचा डोळ्याचा तुकडा कापायचा, कापलेल्या बाजूला राख लावायची, सुकू द्यायचा आणि वळवाच्या सुमाराला पाल्याने भरलेल्या खड्ड्यात लावायचा, जवळच्या झाडावर वेल चढवायचा. पुढच्या हंगामापलीकडे तो तुकडा राहत नाही, सुकून नाहीतर कुजून जातो. म्हणजे एक वर्ष कोणी लावला नाही की ती जात त्या घरातून संपली. बाय म्हणायची, "दाळी धरून ठेवता येतात गो, कोन जितो असतो." जितो म्हणजे जिवंत.

बायची वाडी व्याघ्र प्रकल्पाच्या आत. २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ पासून त्याला काळीचं नाव आहे. आतल्या लोकांना स्वेच्छेने बाहेर पडायचं असेल तर कुटुंबामागे ठरावीक रक्कम मिळते, आधी १० लाख होती, नंतर १५ झाली. बायच्या मुलांनी ती घेतली. पुण्यात बसून "अरेरे, जंगल सोडलं" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तिच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला खुर्चीला बांधून चार जणांनी भर पावसात ओढे ओलांडत आणलं होतं. नातवंडं शाळेसाठी दुसऱ्यांच्या घरी राहत. मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते.

जायच्या आधी, वैशाखात, बाय आली. टोपली नेहमीची, पण या वेळी खायचे कंद नव्हते, सगळं बी. प्रत्येक जातीचे तुकडे वेगवेगळ्या पानांत बांधलेले. म्हणाली, "अर्धं मी नेतंय, अर्धं तुझ्याकडे. तिकडली माती कशी आसा ती ठावी नाही." मी म्हटलं, "अगं, मला कुठे लावता येतं?" ती म्हणाली, "मग आता शिक." आणि पदर खोचून मलाच खड्डे खणायला लावले. सत्तरीची बाई, पायरीवर बसून नुसतं बोट दाखवत होती. हा फणसाखाली, हा आंब्याला, हा उताराला, मुडली ओलीला, सुपारीच्या चराजवळ.

ती गेली हल्याळकडे. तिथे पाऊस कमी, सावलीला झाडं नाहीत, जवळ मका आणि ऊस. पहिल्या वर्षी वेल आले, कंद बारीक. दुसऱ्या वर्षी नागरकोन उगवलाच नाही. तिचा नातू मोटारसायकलवरून बी न्यायला आला, त्याला बघून मला आधी आनंद झाला आणि मग पोटात गोळा. कारण माझ्याकडेही रानडुकरांनी दोन खड्डे उकरून टाकले होते. नशीब म्हणून नागरकोन वाचला होता. बाय गेल्या वर्षी गेली. नातू दांडेलीत कामाला आहे, पण मे महिन्यात येतो. मागच्या खेपेला त्याने विचारलं, "काकी, तुम्ही बाग विकली तर?"

प्रश्न बरोबर होता. मुलगा पुण्यात, मुलगी सिंगापूरला. दोघं प्रेमाने म्हणतात, आता पुरे, इकडे या. बागेला गिऱ्हाईक आहे, त्याला तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. आमच्या ह्यांचे गुडघे गेलेत. सुपारीला औषध फवारायला माणूस मिळत नाही. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. पण हे नक्की की गिऱ्हाइकाला फणसाखालचा वेल म्हणजे तण वाटणार.

जोयड्यात गेली काही वर्षं हिवाळ्यात कुणबी समाजाचा कंदमेळा भरतो, कानडीत गेड्डे-गेणसू मेळा. ढिगाने कंद मांडलेले असतात, शहरातले लोक येऊन विकत घेतात, फोटो काढतात. आम्ही यंदा गेलो होतो. तिथे एका म्हाताऱ्या कुणबी बाईला मी नागरकोनाचे दोन तुकडे दिले. तिने उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "हे बायचं न्हवं?" वास घेऊन की रंग पाहून, कशावरून ओळखलं कोण जाणे. बदल्यात तिने मला एक काटेकणंग दिला, जो माझ्याकडे नव्हता.

या वर्षी मेमध्ये नऊ खड्डे लावले. तीन नागरकोन, दोन दूधकोन, दोन जांभळे, एक काटेकणंग, एक मुडलीचा वाफा. नातवाने भोवती जुन्या साड्यांचं कुंपण घातलंय, डुकरं त्याला घाबरतात असं त्याचं म्हणणं. सात वेल वर चढलेत.

ही पोस्ट वाचणाऱ्यांत कोकणात, गोव्यात, खानापूरकडे ज्यांची परसं आहेत, पाऊस भरपूर आणि एखादं चढायला झाड, त्यांना बी द्यायला मला आवडेल. पौषात काढणी आहे, त्यानंतर वैशाखापर्यंत तुकडे मिळतील. पार्सलने पाठवत नाही, वाटेत कुजतात, आणि खड्डा कसा भरायचा ते दाखवल्याशिवाय मी देणार नाही. येताना दोन दिवस काढून या. आणि जमलं तर थोडी ज्वारी घेऊन या.